उजव्या बुटातला कापूस

माझ्या मुलीचा, आभाचा, उजवा पाय जन्मतःच आत वळलेला होता. आठव्या दिवशी पुण्यात प्लॅस्टर चढलं, मग दर आठवड्याला नवं प्लॅस्टर, वर्षाची असताना एक ऑपरेशन आणि चौथ्या वर्षी दुसरं. पाय सरळ झाला. फक्त डाव्यापेक्षा दीड मापाने लहान राहिला, पोटरी जरा बारीक राहिली आणि पावलाच्या वरचं हाड थोडं उंच आलं. सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. म्हणजे सगळ्यांना सांगतच असे, हे माझ्या नवऱ्याने, प्रफुल्लने, एकदा हसत दाखवून दिलं, तेव्हा मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

बुटांचा प्रश्न मी माझ्या पद्धतीने सोडवला होता. आमच्या माहेरी मुलांना बूट वाढत्या मापाचेच घेत. जूनमध्ये घेतलेला बूट पुढच्या मार्चपर्यंत पुरला पाहिजे, पहिले चार महिने पाय त्यात पोहला तरी चालेल. आभासाठीही मी तेच केलं. डाव्या पायापेक्षा एक नंबर मोठा जोड घ्यायचा आणि उजव्या बुटाच्या टोकात कापसाचा बोळा कोंबायचा. दुबईला आल्यावरही दर शुक्रवारी सकाळी मी तो कापूस बदलत असे. कापूस दाबून चपटा व्हायचा, कधी त्यावर तपकिरी डाग असायचे. घामाचे असतील असं मी धरून चाललं होतं.

आमच्या घरात दुखण्याचा बाऊ करायचा नाही, हा नियम माझा. त्याला कारण होतं. ऑपरेशनच्या वेळी जो येई तो तिच्याकडे बघून "बिचारी" म्हणे, आणि तो शब्द ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होई. माझी मुलगी बिचारी नाही. मग ती धडपडली की मी म्हणायची, "काही नाही झालं, ऊठ." ती उठायची. लोक म्हणायचे, किती धीराची पोर आहे. मला बरं वाटायचं.

दोन हजार दोन सालच्या जानेवारीत ती शाळेतून एक कागद घेऊन आली. फेब्रुवारीच्या सुट्टीत आठवी-नववीची मुलं लेबनॉनच्या डोंगरात आठवडाभर स्कीइंगला जाणार होती. कागदावर तिने स्वतःचं नाव आधीच भरून टाकलं होतं.

प्रफुल्ल म्हणाला, "आपण पुण्याचे. आपल्याकडे बर्फ म्हणजे किसून, वर सरबत घालून खायची गोष्ट."

"प्लीज, बाबा," आभा म्हणाली. "आय रिअली वॉन्ट टू गो."

या मुलीने तोवर काही मागितलेलं मला आठवत नाही. मलाही तिने जावं असं वाटत होतं, आणि तिच्यापेक्षा जास्तच वाटत होतं. ही पोर एकदा बर्फाच्या डोंगरावरून खाली आली, की त्या पायाची फाइल कायमची बंद, असा माझा हिशेब. मी जबल अलीला एका मालवाहतूक कंपनीत कागदपत्रं सांभाळते. फायली बंद करायची मला सवय आहे.

खेळाचे सर स्कॉटलंडचे होते, उंच, उन्हाने कान लाल झालेले. त्यांनी मला बोलावून घेतलं. बाकीच्या मुलांना तिकडे भाड्याचे बूट मिळतील, पण भाड्याचा बूट जसा असतो तसाच घालावा लागतो, आभाच्या पायाला तो चालायचा नाही, असं म्हणाले. तिने स्वतःचे, नीट बसणारे बूट आणावेत. ते घालून जिममध्ये त्यांच्यासमोर एक तास चालायचं, वाकायचं, जिने चढायचे. जमलं तर ते नेतील. नाही जमलं तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. बोलणं सरळ होतं आणि त्यात चूक काही नव्हती. मला राग आला तो आलाच.

बूट मिळाले सुपरमार्केटच्या नोटीस बोर्डामुळे. जुमेराला राहणारं एक जर्मन कुटुंब देश सोडून चाललं होतं आणि सगळं सामान विकत होतं. बाईंनी गॅरेजमध्ये दोन जोड काढून ठेवले होते. एक पांढरा, सदतीस नंबरच्या आसपासचा. दुसरा काळा, त्याहून दोन नंबर मोठा. बाहेरून जाड प्लास्टिकचं टणक कवच, त्याला चार चार बकलं, आणि आत मऊ बूट. नडगीच्या निम्म्यापर्यंत येणारी ती वस्तू हातात घेतली तर पाण्याने भरलेल्या कळशीएवढी जड.

आभाने पांढऱ्यात पाय घालून बघितला. "धिस वन इज ओके, आई. इट्स टाइट, बट ओके."

"टाइट म्हणजे ओके कसं? वाढतं अंग आहे तुझं," मी म्हटलं. "काळा घेऊ. आत दोन जोड मोजे घालशील, उजव्यात कापूस भरू."

जर्मन बाई म्हणाल्या की हे बूट घट्टच असायला हवेत. मला वाटलं, पांढरा खपत नसेल म्हणून गळ्यात मारताहेत. मी काळा घेतला आणि घरी प्रफुल्लला अभिमानाने सांगितलं, "दीडशे दिरहम फक्त. म्हणजे दोन हजार रुपये. नवीन घ्यायला गेलो असतो तर वीस-बावीस हजार."

त्या रात्रीपासून जेवणानंतर आभा हॉलमध्ये बूट घालून फेऱ्या मारू लागली. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वासंती वर आल्या आणि फर्निचर हलवताय का, असं विचारून गेल्या. आभा हसली. मी तिला दर दोन फेऱ्यांनी म्हणत होते, "नाही ना दुखत? छान." आणि ती मान हलवत होती.

सरांनी पहिली परीक्षा एका बुधवारी घेतली. मी ऑफिसमधून लवकर निघून गेले होते. आभा जिममध्ये चालली, वाकली, पायऱ्या चढली. पाऊण तास झाला. चेहऱ्यावर काही नाही, फक्त वरच्या ओठावर घाम. सरांनी तिला अचानक बाकावर बसवलं, बकलं उघडली आणि बूट ओढून काढला. आतल्या मोज्याची टाच ओली होती. मोजा काढल्यावर टाचेवरची कातडी रुपयाएवढी सोललेली दिसली, आणि पावलाच्या वरच्या हाडावर काळंनिळं झालं होतं.

"इट्स फाइन, सर," आभा म्हणाली.

सरांनी मोजा बाकावर ठेवला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, बूट वाईट आहे हे एक झालं. पण हिने एक शब्द काढला नाही, याची मला जास्त भीती वाटते. डोंगरावर पाय गारठला, रक्त थांबलं, तरी ही मला "फाइन" म्हणेल. मी वीस मुलं नेतोय. जी मुलगी दुखलं तर सांगत नाही, तिला मी नेऊ शकत नाही.

मी म्हटलं, बूट ठीक करून आणते. ते म्हणाले, आमच्याकडे फक्त याच बुटांची मापं बसवणारी माणसं असतात, वर्षानुवर्षं तेच काम करतात. इथे तसा कोणी असेल असं वाटत नाही. सापडला तर पुढच्या बुधवारी पुन्हा बघू. त्यानंतर नाही.

गाडीत आभा खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "इट्स ओके, आई. आय डोन्ट हॅव टू गो." आवाज अगदी सपाट. मला रडायला आलं आणि सिग्नलला मी पुढच्या टॅक्सीवाल्यावर उगाच हॉर्न वाजवला.

त्याच संध्याकाळी शोध सुरू झाला. मॉलमधल्या खेळाच्या दुकानात स्कीच्या बुटांचे दोनच जोड होते, शोभेला ठेवल्यासारखे. विक्रेत्या मुलाने फार अदबीने सांगितलं की मॅडम, आणखी एक साइज मोठा घ्या. ही अक्कल मला आधीच होती. एका हॉस्पिटलात कृत्रिम पाय बसवण्याचा विभाग होता, तिथे फोन केला. अपॉइंटमेंट मार्चमध्ये. मग सतवा भागातला एक पेशावरी मोची, ज्याच्याकडे मी चपला शिवायला देत असे. त्याने बूट उलटा केला, बोटांनी वाजवला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"बाजी, ये जूता नहीं, बालटी है. इसमें सुई किधर डालूँ?"

गुरुवारी अर्धा दिवस ऑफिस होतं. मी बूट पिशवीतून नेले होते, का ते मलाही सांगता येणार नाही. आमच्याकडे चहा करणारी जुलेखा खेडची. तिने पिशवीत डोकावून विचारलं, "हे काय गो मॅडम? कसले बूट?" मी सगळं सांगितलं. रागानेच सांगितलं, कारण तोपर्यंत मला सगळ्या दुबईचा राग आला होता.

"मग आपल्या दत्तारामभावांना दाखवा ना," ती म्हणाली.

"कोण दत्ताराम?"

"वेअरहाऊसमधले. सेफ्टी शूज वाटतात ते. नवीन पोरांच्या पायाला फोड आले की सगळे त्यांच्याकडंच जातात. माझ्या घरवाल्याचा बूट त्यांनी असा करून दिला, की तो आता दुसरा घालायला मागत नाही. मुंबईत इस्पितळात बूटच बनवायचे ते. पोलिओवाल्या पोरांचे."

दत्ताराम कोण ते मला मग आठवलं. त्यांची फाइल माझ्याच कपाटात होती. तीन वर्षांपूर्वी त्यांचा व्हिसा मीच केला होता. मी फाइल काढली. हुद्दा, स्टोअर हेल्पर. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या अर्जावर 'अनुभव' या रकान्यात बावीस वर्षं, हॉस्पिटलचं बूट वर्कशॉप, असं काहीतरी होतं, आणि त्यावर निळ्या शाईची आडवी रेघ होती. हेल्परच्या व्हिसाला अनुभव लागत नाही, म्हणून मारलेली. रेघ माझीच.

शुक्रवारी सकाळी मी आभासाठी गेटपास टाइप करून घेतला आणि जुलेखाला बरोबर घेऊन आम्ही जबल अलीच्या वेअरहाऊसला गेलो. सुट्टी होती, सगळीकडे शांत. दत्ताराम स्टोअरचं शटर अर्धं वर करून वाट बघत होते. पंचावन्नच्या आसपासचे, बुटके, केस पांढरे, इस्त्रीचा शर्ट. मागे रॅकवर सेफ्टी शूजचे खोके छतापर्यंत गेले होते.

मी बूट काढायच्या आत बोलायला सुरुवात केली. जन्मापासूनची सगळी केस, ऑपरेशनं, डॉक्टरांची नावं. त्यांनी ऐकून घेतलं. मग बूट हातात घेतला, आतला मऊ बूट उपसून काढला, रिकाम्या कवचात हात घालून कोपरापर्यंत फिरवला.

"हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले. "ह्यात पाय काय करतो?"

"म्हणजे?"

"चालायच्या बुटात पाय दुमडतो. ह्याचा तळ तर दगडासारखा आहे. मग ह्यात माणूस करतो काय?"

आभाने उठून दाखवलं. गुडघे वाकवले, नडग्या पुढे झुकवल्या. "लाइक धिस, काका. यू लीन, अँड इट टर्न्स."

"म्हणजे पाय आत हलता कामा नये," दत्ताराम म्हणाले. "हलला की काम बिघडलं." त्यांनी तिला अनवाणी त्या रिकाम्या कवचात उभं केलं, बोटं पुढे टेकवायला सांगितली आणि टाचेमागे आपली बोटं घातली. दोन बोटं पुरेत असं त्यांना वाटलं असावं. पूर्ण मूठ आत गेली.

"बूट मोठा आहे, मॅडम."

"वाढतं अंग आहे," मी म्हटलं.

"असू दे. बूट मोठा आहे. आणि हा कापूस कोणी भरला?"

मी सांगितलं.

"कापूस पुढं भरला की पाय मागं जातो. मग टाच उचलते, घासते. वर हाड आहे ते पट्ट्याखाली येतं." त्यांनी आवाज चढवला नाही, मालाची यादी वाचावी तसं सांगितलं. मग एका खोक्यातून नवा, पातळ, पांढरा मोजा काढून आभाच्या उजव्या पायात घातला. कार्टनवर नंबर घालायचा निळा मार्कर तिच्या हातात दिला. "आता मला सांग, कुठं दुखतं. हात लावून नको. जिथं दुखतं तिथं खूण कर."

"तिला तसं काही दुखत नाही," मी म्हटलं. "टाच सोललीय तेवढीच. आणि वर हाडावर."

"इट्स फाइन," आभा नेहमीसारखं पुटपुटली आणि तिने मार्करचं टोपण लावून टाकलं.

दत्तारामांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसा. जुलेखाबाई थांबतील हिच्याजवळ."

"का?"

"काम करायचंय."

माझा व्हिसा-विभागाचा आवाज घशापर्यंत आला होता. पण बुधवार पाच दिवसांवर होता. मी शटरखालून वाकून बाहेर गेले आणि एका उलट्या क्रेटवर बसले. समोर रिकाम्या बसेस ओळीने उभ्या होत्या. एकीच्या टपावर कुणाचा तरी धुतलेला टॉवेल वाळत होता. मी आई आहे, पंधरा वर्षं हा पाय मी सांभाळलाय, हा माणूस कोण मला बाहेर काढणारा, असं सगळं मनात चाललं होतं. आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदा आभाचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. मी घड्याळ बघितलं. पंचवीस मिनिटं झाली होती.

जुलेखाने मला हाक मारली. तिचे डोळे लाल होते.

आभा खोक्यावर बसली होती, उजवा पाय दत्तारामांच्या मांडीवर. ती रडत होती. आवाज न करता, पण लपवतही नव्हती. पांढऱ्या मोज्यावर निळ्या खुणा होत्या. मी मोजल्या. अकरा. टाचेवर, घोट्याच्या आत, करंगळीच्या मुळाशी, पावलावर एका ओळीत तीन.

"ह्यातल्या चार ह्या नव्या बुटाच्या," दत्ताराम म्हणाले. "बाकीच्या जुन्या. शाळेच्या बुटाच्या."

"किती जुन्या?"

त्यांनी आभाकडे बघितलं. आभाने नाक पुसलं. "सिन्स केजी, आय थिंक."

"मग मला सांगितलं का नाहीस, आभा?"

तिने माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, खरंच नवल वाटल्यासारखं. "बट यू ऑलवेज सेड इट डझन्ट हर्ट."

कापसावरचे तपकिरी डाग आठवले. ते मी दर शुक्रवारी कचऱ्याच्या डब्यात टाकत होते आणि वर नवा, स्वच्छ कापूस भरत होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं आपण म्हणतो. माझ्या लेकीचं जळत होतं आणि तिच्या वतीने उत्तर मी देत होते.

दत्तारामांनी तो मोजा तिच्या पायातून अलगद काढला, आत कागद घालून ताणला आणि पिशवीत ठेवला. "हा मला लागेल," ते म्हणाले. "आता डाव्या पायाला नेमका बसेल असा बूट आणा. वाढतं वगैरे काही नाही. उजव्याचं मी बघतो."

नेमका बूट कुठे होता ते मला माहीत होतं. तिथूनच थेट जुमेराला गेले. गॅरेजमध्ये खोक्यांना टेप लावणं चाललं होतं. मी जर्मन बाईंना सांगितलं की चूक माझी होती, तुमचं बरोबर होतं. हे वाक्य माझ्या तोंडून सहसा निघत नाही. त्यांनी भरलेल्या एका खोक्याची टेप कापली, पांढरा जोड काढून माझ्या हातात ठेवला आणि काळा परत घेतला. आभाने तिथेच घालून बघितला. मी तिला काही विचारलं नाही. ती आपणहून म्हणाली, "लेफ्ट इज गुड. राइट हर्ट्स हिअर अँड हिअर." आणि बोट ठेवून दाखवलं.

पुढचे तीन दिवस दत्तारामांनी काम सुटल्यावर तो बूट घेतला. मालाच्या गठ्ठ्यांवर प्लास्टिक आवळायला गरम हवेची बंदूक वापरतात, तिने कवच तापवून मऊ करायचं, मग पॅलेटच्या लाकडाचा तासलेला गोळा आतून बोल्टने रेटायचा आणि गार होईपर्यंत तसाच ठेवायचा. जिथे निळी खूण, तिथे कवच बाहेर. टोकात कापूस नाही. त्याऐवजी टाचेच्या दोन्ही बाजूंना आणि पावलाखाली बुचाच्या लाकडाचे तासलेले तुकडे, वर नरम फेल्ट. रोज सकाळी जुलेखाचा नवरा बसमधून बूट ऑफिसला आणायचा, दुपारी शाळा सुटली की आभा तिथे येऊन घालून बघायची, कुठे दुखतं ते मोज्यावर लिहायची, आणि मोजा बुटात घालून बूट संध्याकाळच्या बसने परत जायचा. अकराच्या सहा झाल्या, सहाच्या दोन.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही शेवटचं बघायला गेलो. आभा बूट घालून रॅकच्या मधल्या गल्लीतून अर्धा तास फिरली. दत्ताराम तिच्या चालण्याकडे बघत नव्हते, आवाज ऐकत होते. शेवटी तिने मोजा दाखवला. त्यावर एक खूण होती, करंगळीपाशी, बारीक.

"ही राहू दे?" त्यांनी विचारलं.

"इट हर्ट्स अ लिट्ल," आभा म्हणाली. "बट ओके. आय मीन, रिअली ओके."

"बर्फ मी बघितलेला नाही," ते म्हणाले. "थंडीत पाय कसा होतो, प्लास्टिक कसं होतं, मला माहीत नाही. तिथं काही वाटलं तर बकल सोडायचं आणि मास्तरांना सांगायचं. आधी सांगायचं, मग सोसायचं. परत आलीस की बूट मला आणून दाखव."

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी घेतलं, उघडून न बघता खिशात घातलं आणि मोज्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "ठेवा. नवीन बूट घ्याल तेव्हा दुकानात दाखवायला होतील."

बुधवारी आभा जिममध्ये एक तास चालली. चाळिसाव्या मिनिटाला ती थांबली आणि म्हणाली, "सर, द राइट वन इज पिंचिंग अ बिट. कॅन आय लूझन इट?" सरांनी हातातली वही मिटली. ते इतके मोठ्याने "ऑफ कोर्स" म्हणाले की बाकीची मुलं वळून बघायला लागली. मग त्यांनी बूट उलटसुलट करून बघितला, आतले बुचाचे तुकडे चाचपले आणि हे कोणी केलं ते विचारलं. मी नाव सांगितलं. ते त्यांनी वहीत लिहून घेतलं, चुकीच्या स्पेलिंगने.

ती गेली. घर रिकामं झालं. शुक्रवारी सकाळी मी सवयीने कपाटातून कापसाचं बंडल काढलं आणि हातात धरून उभी राहिले. प्रफुल्लने ते माझ्या हातातून घेतलं आणि देवाच्या वाती वळायला ठेवून दिलं. त्याच आठवड्यात ऑफिसात दत्तारामांच्या व्हिसाचं रिन्यूअल आलं. मी त्यांना बोलावून अनुभवाचा रकाना त्यांच्याकडूनच भरून घेतला. त्यांनी सगळं लिहायला पाव तास घेतला.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलमधून तिचा फोन आला. आवाज खरखरत होता, मागे पोरांचा गोंगाट. मला आधी वाटलं, ती डोंगराबद्दल काही सांगेल.

"आई," ती म्हणाली, मराठीत. "दुखतंय."

"काही नाही होत" हे शब्द माझ्या जिभेवर तयारच होते. पंधरा वर्षं ते तिथेच बसलेले. मी ओठ घट्ट मिटले. प्रफुल्ल समोरून हाताने विचारत होता, काय झालं. मी त्याला थांब म्हटलं, फोनशेजारी पडलेलं विजेच्या बिलाचं पाकीट ओढलं, उलटं केलं आणि त्यावर पेनने एका उजव्या पावलाचा आकार काढला. वेडावाकडाच आला.

"कुठे?" मी विचारलं. "सांग. अगदी नीट सांग. मी खूण करतेय."